कार्डावरची एक ओळ

कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यात कुणाची सुटका झाली की गावातून दोन प्रश्न येतात. ‘काय झालं?’ आणि लगेच, ‘नॉर्मल का सिझर?’ ‘नॉर्मल’ असं उत्तर आलं की विचारणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. पोट कापलं नाही, खर्च वाचला, पोरगी लवकर हिंडूफिरू लागेल, असा हिशेब मनातल्या मनात होऊन जातो. बाजेवरची बाळंतीण मात्र एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळताना दात आवळते. तिला खाली टाके आहेत. ते कुठपर्यंत आहेत, कशामुळे घालावे लागले, कोणता स्नायू फाटला होता, हे तिला बहुतेक वेळा कुणी सांगितलेलं नसतं. ‘थोडे टाके घातलेत’ एवढंच तिच्या कानावर आलेलं असतं.

या ‘थोडे टाके’चा अर्थ तिला कळणं फार गरजेचं आहे. पुढचे सहा आठवडे कसे जातील, पुढची काही वर्षं तिची कंबर आणि ओटीपोट कसं राहील आणि दुसरं मूल कोणत्या वाटेनं जन्माला यावं, हे सगळं त्यावर ठरतं. म्हणूनच डिस्चार्ज कार्डावर त्या जखमेची नीट नोंद असायला हवी. एका ओळीचं काम आहे.

कुठं फाटतं, किती फाटतं

योनिमार्ग आणि शौचाची जागा यांच्यामध्ये तीन-चार सेंटिमीटरची मांसल जागा असते. दिसायला लहान, पण ओटीपोटाच्या तळाचे कितीतरी स्नायू तिथं येऊन एकमेकांत गुंततात. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४ सेंटिमीटर असतो. ते डोकं बाहेर येताना ही जागा ताणून कागदासारखी पातळ होते आणि पुष्कळदा फाटते. ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या माहितीनुसार नैसर्गिक मार्गानं बाळंत होणाऱ्या दहा पहिलटकरणींपैकी नऊजणींना लहानमोठी इजा होते. याचा अर्थ, फाटणं हा त्या बाईचा दोष नाही. ‘नीट कळा दिल्या नाहीत म्हणून फाटलं’ हे वाक्य प्रसूतिगृहातून आणि घरातूनही हद्दपार व्हायला हवं.

इजेच्या चार पायऱ्या मानतात. पहिल्या पायरीत फक्त कातडी आणि आतलं नाजूक आवरण फाटतं. कधीकधी टाक्यांशिवायही ते भरतं. दुसऱ्या पायरीत खालचे स्नायू फाटतात, टाके घालावे लागतात. तिसऱ्या पायरीत शौच आणि वारा धरून ठेवणारा गोल स्नायू फाटतो. चौथ्या पायरीत त्याच्याही आतलं गुदमार्गाचं अस्तर फाटतं. तिसऱ्या पायरीचे पुन्हा तीन उपभाग आहेत, कारण तो स्नायू निम्म्याहून कमी फाटला, जास्त फाटला की आतल्या पदरापर्यंत फाटला, यावर पुढचा निकाल अवलंबून असतो. ही प्रतवारी लंडनमधले डॉ. अब्दुल सुलतान यांनी १९९९ मध्ये मांडली आणि आता ती जगभर वापरली जाते.

पहिल्या दोन पायऱ्यांच्या जखमा खूपजणींना होतात आणि बहुतेकींच्या छान भरतात. तिसरी-चौथी पायरी विरळ. ब्रिटनच्या आकडेवारीत ती पहिलटकरणींमध्ये शंभरात सुमारे सहा आणि आधी नैसर्गिक बाळंतपण झालेल्यांमध्ये शंभरात दोनाहून कमी आढळते. बाळ चार किलोच्या वर असेल, आकाशाकडे तोंड करून बाहेर येत असेल, खांदे अडकले, कळा देण्याचा काळ फार लांबला किंवा चिमटा लावावा लागला, तर धोका वाढतो.

हा गोल स्नायू फाटला आहे हे त्याच वेळी ओळखणं सर्वांत मोलाचं. डॉ. सुलतान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिलटकरणींची बाळंतपणानंतर आतून सोनोग्राफी केली, तेव्हा ३५ टक्के जणींच्या या स्नायूत इजा दिसली. प्रसूतीच्या वेळी त्यातल्या बहुतेक कुणाच्याही लक्षात आल्या नव्हत्या. तेव्हापासून एक साधा नियम रुजला: टाके घालण्याआधी चांगल्या उजेडात, गुदमार्गातही बोट घालून तपासायचं. तपासणी मिनिटाभराची, पण तिच्यामुळे पुढची कित्येक वर्षं वाचू शकतात. गोल स्नायू फाटला असेल तर तो शस्त्रक्रियागृहात, कमरेखालचा भाग बधिर करून, अनुभवी हातांनी शिवला पाहिजे.

डब्लिन ते कोल्हापूर

फाटण्याआधीच कात्रीनं छेद द्यावा, ही कल्पना जुनी आहे. १७४२ मध्ये डब्लिनच्या फिल्डिंग उल्ड यांनी सुईणपणावरच्या ग्रंथात तिचं वर्णन केलं. बाळ अडलं असेल तेव्हाच करायची ती गोष्ट होती. १९२० मध्ये शिकागोचे जोसेफ डीली यांनी मात्र ती पहिलटकरणींसाठी सरसकट करावी असं मांडलं. सरळ छेद वेड्यावाकड्या फाटण्यापेक्षा बरा, हा त्यामागचा विचार. ऐकायला तो पटतो, म्हणून तो जगभर पसरला आणि आपल्याकडच्या प्रसूतिगृहांतही ‘पहिलं बाळंतपण म्हणजे कट’ अशी रीत पडली.

डब्लिनशी कोल्हापूरचंही एक नातं आहे. कृष्णाबाई केळवकर यांनी मुंबईत डॉक्टरकीचं शिक्षण घेतल्यावर डब्लिनला जाऊन प्रसूतिशास्त्राचा अभ्यास केला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात रुजू झाल्या. आजचं सीपीआर रुग्णालय ते हेच. पुरुष डॉक्टरसमोर तोंड उघडायची सोय नसलेल्या काळात संस्थानातल्या बायकांना आपल्याच भाषेत बोलणारी डॉक्टरीण मिळाली. आज भुदरगड तालुक्याच्या गारगोटीहून मुधाळ तिट्ट्यामार्गे सुमारे ५० किलोमीटर जाऊन लेकीसुना त्याच सीपीआरमध्ये पोहोचतात.

छेदाच्या त्या पटणाऱ्या विचाराच्या खऱ्या परीक्षेचा निकाल आला तो १९९३ मध्ये. अर्जेंटिनातल्या रुग्णालयांत २,६०६ बायकांचे दोन गट केले गेले. एका गटात सरसकट छेद, दुसऱ्यात फक्त गरज पडली तरच. पहिल्या गटात ८३ टक्के जणींना छेद मिळाला, दुसऱ्यात ३०. गंभीर फाटण्याचं प्रमाण पाहिलं तर सरसकट गटात दीड टक्का आणि दुसऱ्यात १.२ टक्के! छेदानं कुणालाही वाचवलं नव्हतं. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट लिहिलं की नैसर्गिक प्रसूतीत सरसकट छेद देऊ नये. गरज असेल तेव्हा तो द्यावाच लागतो, पण तोही मध्यावरून सरळ खाली न देता बाजूला तिरका द्यायचा, म्हणजे गोल स्नायू वाचतो. छेद म्हणजे आपल्या हातानं केलेली दुसऱ्या पायरीची जखमच, हे लक्षात ठेवलं की त्याची किंमत कळते.

मग खरोखर उपयोग कशाचा होतो? डोकं दिसू लागल्यावर त्या जागेवर कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं स्वच्छ फडकं दाबून धरण्याचा. त्यानं तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या जखमा कमी होतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. डोकं हळूहळू बाहेर येऊ देण्याचा, खालून हातानं आधार देण्याचा, त्या क्षणी ‘जोर लाव’ असं ओरडण्याऐवजी छोटे श्वास घ्यायला सांगण्याचाही. पस्तिसाव्या आठवड्यापासून घरी हलक्या हातानं केलेल्या मालिशीचा पहिलटकरणींना फायदा होतो. बाळ लवकर यावं म्हणून वरून पोट दाबण्याची पद्धत मात्र सोडून द्यायला हवी. जागतिक आरोग्य संघटनाही ती करू नका असंच सांगते.

सव्वा महिना

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज या जखमेच्या दृष्टीनं शहाणपणाचा आहे. सव्वा महिना बाईला पाणी भरायला लागत नाही, वैरणीचा भारा डोक्यावर येत नाही, म्हशीखाली उकिडवं बसावं लागत नाही. टाके भरायला साधारण तेवढाच काळ लागतो. सासरी बाळंतपण झालेल्या बाईलाही ही विश्रांती तेवढीच लागते.

याच सव्वा महिन्यात आशाताई घरी येतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, अशा सहा भेटी ठरलेल्या असतात. या भेटींची मुळं महाराष्ट्रातच आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तिथला नवजात बालकांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढं देशभर त्यावरून कार्यक्रम उभा राहिला. गारगोटीत मौनी विद्यापीठ उभं करणारे, शेजारच्या आजरा तालुक्यात जन्मलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनीही आयुष्याच्या शेवटी आरोग्यावर काम केलं. गावातलाच माणूस आरोग्यसेवेचा पाया असावा, असं सांगणाऱ्या १९८१ च्या ‘सर्वांसाठी आरोग्य’ अहवालामागे त्यांचा मोठा वाटा होता.

भेटी बाळासाठी असल्या तरी बाळंतीणही त्याच खोलीत असते. बंग दांपत्याच्याच पथकानं ७७२ बाळंतिणींची घरोघर पाहणी केली, तेव्हा त्यातल्या सुमारे ४३ टक्के जणींना बाळंतपणानंतर काही ना काही आजार झाल्याचं दिसलं. म्हणून आशाताईंच्या त्या सहा तारखांनाच टाक्यांचं कॅलेंडर करावं.

तिसरा दिवस सुजेचा आणि ठणक्याचा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटं धरला की बरं वाटतं. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन ही औषधं अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालतात. डॉक्टरांनी दिलेल्या मात्रेत ती घ्यावीत, दुखणं सोसत बसू नये. लघवीला जळजळलं तर त्या वेळी कोमट पाणी ओतत राहावं. धुताना पुढून मागं धुवावं, मऊ कापडानं टिपून कोरडं करावं, पॅड तीन-चार तासांनी बदलावं. हळद, राख, तेल यातलं काहीही टाक्यांवर लावू नये. ओवा-बाळंतशोपाची धुरी घ्यायचीच असेल तर निखारे लांब ठेवावेत. बधिर, सुजलेल्या कातडीला चटका बसलेला लवकर कळत नाही.

शौचाची भीती बहुतेकींना वाटते. टाके तुटतील म्हणून बाई दोन-तीन दिवस जातच नाही आणि मळ घट्ट होऊन त्रास दुप्पट होतो. इथं घरातली एक जुनी समजूत आड येते: बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं. दूध पाजणाऱ्या बाईला पाणी जास्तच लागतं. पाणी, वरणभात, शेपूची-मेथीची भाजी, फळं आणि डिंकाच्या लाडवांच्या जोडीला पोट साफ ठेवणारं काहीतरी हवंच. तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या जखमेत डॉक्टर मळ मऊ ठेवणारं औषध आणि प्रतिजैविकं देतात, ती पूर्ण घ्यावीत. उकिडवं बसण्यापेक्षा कमोडची खुर्ची बरी. शौच करताना स्वच्छ पॅडनं टाक्यांना पुढून हलका आधार दिला तर भीती कमी होते.

सातव्या ते चौदाव्या दिवसात ठणका उतरत गेला पाहिजे. या काळात विरघळणाऱ्या धाग्याचे तुकडे पॅडवर दिसू लागतात. त्याला घाबरायचं कारण नाही. उलटं होऊ लागलं, म्हणजे दुखणं वाढलं, ताप आला, घाण वास किंवा पू आला, टाके उसवल्यासारखे वाटले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता गारगोटीच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात जावं. वारा किंवा मळ योनीतून येतोय असं वाटलं तर त्याच दिवशी दाखवावं.

ओटीपोटाच्या तळाचा व्यायाम दुखणं सोसवेल तसा सुरू करता येतो. लघवी आणि वारा दोन्ही एकाच वेळी रोखतोय असं मनात धरून आतले स्नायू वर ओढायचे, थोडं थांबायचं, सोडायचे. एका वेळी आठदा, दिवसातून तीन वेळा, किमान तीन महिने. श्वास रोखायचा नाही, पोट-मांड्या आवळायच्या नाहीत आणि प्रत्यक्ष लघवी करताना हा व्यायाम करायचा नाही. बाळाला पाजताना झोपूनही तो होतो.

बेचाळिसावा दिवस मोठा तपासणीचा. त्या दिवशी बाईनं न लाजता चार गोष्टी सांगाव्यात: हसताना-खोकताना लघवी सुटते का, वारा किंवा शौच रोखता येतं का, खाली जड वाटून अंग बाहेर येतंय असं वाटतं का आणि नवऱ्याजवळ जाताना दुखतं का. या तक्रारी बायका वर्षानुवर्षं गिळतात. राणी आणि अभय बंग यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, तेव्हा ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होते, पण त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम आठ टक्के. अंग बाहेर येण्यावर उपाय शोधण्यात तर आपलीच माणसं पुढं होती: गोव्यात जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांच्या नावाची शस्त्रक्रिया आजही शिकवली जाते. इलाज आहेत. तक्रार तोंडाबाहेर पडली तरच ते तिच्यापर्यंत पोहोचतात.

गोल स्नायू नीट शिवलेल्या बायकांपैकी ६० ते ८० टक्के जणींना वर्षभरानं कसलाही त्रास उरत नाही. रात्री तीन वाजता ‘मी पहिल्यासारखी होईन का’ असा प्रश्न पडणाऱ्या पोरीला हा आकडा कुणीतरी जवळ बसून सांगायला हवा.

दुसऱ्या वेळी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. त्यातच सिझरचं प्रमाण २५.४ टक्के आहे, म्हणजे चारातलं एक बाळ पोटातून. राज्यात एका बाईमागे सरासरी मुलं १.७. त्यामुळे पुष्कळ घरांत दुसरं बाळंतपण हेच शेवटचं असतं आणि पहिल्या वेळी फाटलेल्या बाईपुढं प्रश्न उभा राहतो: पुन्हा तीच वाट, की सरळ सिझर?

उत्तर जखमेच्या पायरीवर अवलंबून आहे. पहिली किंवा दुसरी पायरी होती आणि आता त्रास नाही, तर फक्त त्या टाक्यांसाठी सिझरची गरज नाही. दुसऱ्या वेळी तो भाग आधी ताणलेला असतो, बाळंतपण सहसा लवकर होतं, इजाही बहुधा कमी होते.

तिसरी किंवा चौथी पायरी होती, पण वारा-शौच पूर्ण ताब्यात आहे, अशा बाईलाही नैसर्गिक बाळंतपण करता येतं. पुन्हा तशीच गंभीर इजा होण्याची शक्यता शंभरात पाच ते सात. उरलेल्या त्र्याण्णव-पंच्याण्णव जणींना तसं होत नाही. ‘खबरदारी म्हणून’ पुन्हा कट दिल्यानं ही इजा टळते, असा पुरावा नाही.

मात्र वारा किंवा शौच रोखता येत नसेल, किंवा आतल्या सोनोग्राफीत तो स्नायू अजून तुटलेला दिसत असेल, तर ठरवून केलेल्या सिझरचा पर्याय तिच्यासमोर ठेवलाच पाहिजे. दुसऱ्या नैसर्गिक बाळंतपणानंतर सुमारे १७ टक्के बायकांचा शौचाचा त्रास वाढल्याचं नोंदलं गेलं आहे. ही सोनोग्राफी तालुक्याच्या गावी होणारी तपासणी नव्हे, म्हणून तिचा विचार पोटातल्या बाळाचे दिवस भरण्याच्या खूप आधी व्हायला हवा.

सिझर म्हणजे सगळ्या त्रासातून सुटका, असंही नाही. पोटावरची जखम, जास्त रक्तस्राव, जंतुसंसर्गाचा धोका, उठण्याबसण्याला लागणारा वेळ, आणि पुढं तिसरं मूल हवं झालं तर गर्भाशयाच्या व्रणावर वार चिकटून बसण्याची भीती. हसता-खोकताना लघवी सुटण्याचा त्रास गर्भारपणाच्या भारानंही होतो, सिझरनं तो पूर्णपणे टळत नाही. घरी रांगतं-चालतं पहिलं मूल आणि गोठ्यात दोन म्हशी असलेल्या बाईनं हे सगळं तोलून पाहावं. तिला त्या पहिल्या रात्रीची इतकी धास्ती बसली असेल की खोलीत पाऊल टाकायलाही पाय थरथरतात, तर तीही कारणांच्या यादीत धरावी. धास्ती ही खोटी तक्रार नाही.

दोन मुलांमध्ये अंतर ठेवण्याचा फायदा इथंही आहे. पुढचा गर्भ राहण्याआधी किमान दोन वर्षं जाऊ द्यावीत, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला. तांबी, अंतरा इंजेक्शन, गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. त्या दोन वर्षांत स्नायू भरून येतात, व्यायामाचा गुण दिसतो, राहिलेला त्रास ओळखू येतो आणि निर्णय घाईत घ्यावा लागत नाही.

आता समजा, कडगावच्या वरच्या एखाद्या वाडीतली बाई दुसऱ्या खेपेला तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवायला आली आहे. पिशवीत पहिल्या वेळचं कार्ड आहे. त्यावर नुसतं ‘नॉर्मल प्रसूती, टाके’ असेल तर डॉक्टरांना अंदाजावर चालावं लागतं. पण कार्डावर जखमेची पायरी, बाळाचं वजन, चिमटा लावला होता की नाही आणि शिवण कुठं व कशी झाली हे लिहिलेलं असेल, तर वाट मोकळी होते. तिसऱ्या पायरीची नोंद दिसली की वारा-शौचाविषयी विचारता येतं, गरजेप्रमाणे मोठ्या केंद्रात तपासणीला पाठवता येतं, सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत नवरा-बायकोला दोन्ही वाटांचे फायदे-तोटे सांगून होतात. सिझर ठरलं तर ते ३९ व्या आठवड्याच्या सुमारास होतं. नैसर्गिक ठरलं तर अनुभवी डॉक्टर आणि शस्त्रक्रियागृह असलेलं ठिकाण निवडता येतं, पावसाळ्यात वेदगंगेला पूर असला तर कोणत्या रस्त्यानं निघायचं, १०८ ला कधी फोन करायचा आणि खोलीत तिच्यासोबत कोण थांबणार, हे आधी ठरतं. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, औषधं, गरज पडली तर सिझर आणि घरी परतण्याचं वाहन जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून मोफत आहे.

म्हणून पहिल्या बाळंतपणानंतर घरी निघताना, बाळाच्या टोपड्या-दुपट्यांची बांधाबांध सुरू असताना, आईनं किंवा सासूनं सिस्टरकडे कार्ड पुढं करून एवढंच विचारावं: ‘टाके कितव्या पायरीचे आहेत, ते यावर लिहून देता का?’